पहिल्या भेटीची तालीम

फोनवरच्या मुलीनं शनिवारी सकाळची वेळ दिली आणि म्हणाली, "जुने रिपोर्ट असतील तर आणा मॅडम, नसले तरी चालेल. बाकी काही तयारी करून यायची नाही." मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि लगेच तयारीला लागले.

माझा स्वभावच तसा. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथं मी डिस्पॅचला आहे. माल गाडीत चढायच्या आधी गठ्ठे, कागद, शिक्के सगळं पुन्हा एकदा बघायचं, हे काम करून करून हाडात मुरलंय. गावाला जायचं असलं की पिशवी आदल्या दिवशीच दाराशी येऊन बसते. आणि आता तर एका अनोळखी बाईसमोर बसून मनातलं सांगायचं होतं. तिथं नुसतं उठून कसं जायचं?

झालं होतं ते असं. दिवाळी होऊन गेली होती. एका संध्याकाळी भाजी घेऊन मी स्कूटरवरनं घरी निघाले होते आणि सात रस्त्याला सिग्नल लागला. रोजचाच सिग्नल, रोजचीच गर्दी. उभी राहिले आणि अचानक छाती अशी धडधडायला लागली की कुणीतरी आतून दार ठोकतंय असं वाटावं. हातांची बोटं बधीर झाली, कानांत सूं सूं आवाज. दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. मला गाडी पुढं नेता येईना, खाली उतरताही येईना. आपण आता इथंच मरणार, भाजीच्या पिशवीसकट, एवढंच डोक्यात होतं. कोपऱ्यावर केळी विकणारी एक बाई गाडा सोडून आली, तिनं एका हातानं स्कूटरचं हँडल धरलं, दुसऱ्या हातानं माझा दंड धरला आणि मला कडेला नेऊन बसवलं. "बैठो बाजी. पानी पीओ. कुछ नै होता," ती म्हणत राहिली. तिच्या फोनवरून यांना फोन लावला. यांचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, ते शटर अर्धं टाकून तसेच धावत आले.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली. ती चांगली आली. मग पुढच्या महिन्यात कंपनीच्या बसमध्ये तसंच झालं, मग एका लग्नाच्या मांडवात. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, हृदयाची सोनोग्राफी झाली. सगळं चांगलं. दर वेळी रिपोर्ट चांगला आला की नवरा खूश व्हायचा आणि मी आणखी घाबरायचे. काहीच नाही, तर मग हे होतंय ते काय?

स्कूटरवर मी कव्हर घातलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, तिचं काम निघालंय.

शेवटी आमच्या डॉक्टरांनीच विषय काढला. रिपोर्टांची फाईल मिटून माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाले, "ताई, तुमचं हृदय माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. हे भीतीचे झटके आहेत. खोटे नाहीत, खरेच आहेत, पण यावर माझ्याकडं औषध नाही. एक थेरपिस्ट आहेत, त्यांच्याकडं जाऊन या."

घरी जेवण झाल्यावर हे म्हणाले, "म्हणजे तू त्यांच्याशी बोलायचं?"

"हो."

"मग माझ्याशी बोल की. मी काय परका आहे?"

"तुम्ही काळजी करता. तुमची काळजी बघितली की मला जास्त होतं."

ते दुखावले होते, दिसत होतं. मग म्हणाले, "पण मला सांगून जा. आईला काय सांगायचं?"

आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी आत्या म्हणते. त्या मूळच्या मंगळवेढ्याच्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडं असतात. आत्यांना आत्ताच काही सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. त्या घाबरतील, चार ठिकाणी बोलतील, अंगारा आणायला लावतील, असं काय काय आम्ही दोघांनी मिळून गृहीत धरलं.

मग तो आठवडा सुरू झाला. पहिली अडचण अशी की माझ्याकडं सांगण्यासारखं कारणच नव्हतं. माझी समजूत अशी होती की थेरपिस्टकडं जायचं तर मोठं दुःख हवं. कुणाचा नवरा मारतो, कुणाचं लहानपण हालात गेलेलं असतं. माझं काय? नवरा चांगला, नोकरी बरी, मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला. बसमधून कामावर जाताना मी खिडकीबाहेर बघत आयुष्य चाळत बसायचे आणि एकेक प्रसंग बाहेर काढून बघायचे, हा चालेल का? मुलगी शिकायला गेली तेव्हा रडले होते, पण तशा तर सगळ्याच रडतात. शाळेत एकदा वर्गासमोर बोलताना अडखळले होते, ते फारच किरकोळ. शेवटी मी वडिलांवर येऊन थांबले. माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. हे कारण कुणालाही पटेल असं होतं. त्यांच्या जाण्यापासून सुरुवात करायची असं मी नक्की केलं.

दुसरी अडचण भाषेची. माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कानडी. मराठी मी शाळेत शिकले आणि लग्नानंतर तिच्यातच राहिले. आता हिशेब मराठीत करते, भांडते मराठीत. तरी त्या बाईंसमोर बोलायची मराठी चांगली पाहिजे, असं मला का कोण जाणे वाटत होतं. 'धडधड' म्हणायचं नाही, 'अस्वस्थता' म्हणायचं. 'भ्या वाटतं' नाही, 'भीती जाणवते'. अशी वाक्यं मी जुळवली आणि म्हणून बघायला लागले. न्हाणीघरात म्हटली, गच्चीत कपडे वाळत घालताना म्हटली. सगळ्यात सोयीची जागा स्वयंपाकघर. संध्याकाळी भाकरी थापायचा आवाज असतो आणि बाहेरच्या खोलीत आत्यांची मालिका मोठ्या आवाजात चालू असते. कुणाला काही ऐकू जायचं कारण नाही.

शनिवारच्या दोन दिवस आधीची गोष्ट. तव्यावर भाकरी टाकली होती आणि माझं चाललं होतं. "नमस्कार. माझ्या वडिलांचं दोन वर्षांपूर्वी निधन झालं. तेव्हापासून मला अधूनमधून अस्वस्थता जाणवते." जरा थांबले. काहीतरी खोटं वाटत होतं. पुन्हा सुरू केलं आणि या वेळी वाक्यं आपोआप वेगळीच यायला लागली. "मला स्कूटर काढायची भीती वाटते हो. किल्ली हातात घेतली की हात गार पडतात. घरात कुणाला सांगितलं नाही. दर सोमवारी आत्यांना तळ्यातल्या देवळात घेऊन जायचे, तेही बंद केलं. काहीतरी कारण सांगते. एकदा पाहुणे येणारेत म्हणून सांगितलं, कुणीच येणार नव्हतं. त्यांना काय वाटत असेल, देव जाणे..."

"मग म्होरं?"

मी दचकून वळले. आत्या दारात उभ्या होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरात अंधारून आलंय, ओट्यावर फक्त गॅसचा उजेड आहे. लाईट गेली होती. टीव्ही कधीचा बंद पडला होता आणि माझा आवाज सगळ्या घरात ऐकू येत होता.

"कुणाशी बोलतीयास? फोन तर हितंच पडलाय."

"कुणाशी नाही आत्या."

"म्या ऐकलंय समदं." त्या आत आल्या, भिंतीला धरून पाटावर बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसायचं म्हणजे मोठं काम असतं. बसल्यावर माझ्याकडं वर बघून म्हणाल्या, "म्हंजी तू माज्यावर रुसली न्हाईस?"

"रुसले? मी? कशाला?"

"मला वाटलं, ह्या म्हातारीला मागं बसवून न्यायचा कंटाळा आला तुला. पैल्यांदा म्हनलीस गाडी बिघडली. मग म्हनलीस पावनं येनारेत. पावनं काय आलं न्हाईत. तवा म्या वळखलं, आपलं जड व्हाया लागलंय हितं. धाकट्याला फोन बी केला की. संक्रांत झाली की मंगळवेढ्याला ऱ्हायाला येते, कायमची, असं सांगितलं."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. तीन माणसांचं घर आमचं. त्यात मी आत्यांना घाबरवायचं नाही म्हणून गप्प, हे माझ्यासाठी गप्प, आणि आत्या आपली बोचकी मनातल्या मनात बांधत बसलेल्या.

"आत्या, तसं नाहीये हो," म्हणताना मला रडूच आलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. सिग्नलचं, केळीवालीचं, बसचं, मांडवातलं. शनिवारी थेरपीला जायचं ठरलंय तेही सांगितलं. भाकरी करपली. त्यांनीच बसल्या बसल्या हात वर करून गॅस बंद केला.

"थेरपी म्हंजी? माज्या गुडघ्याला केलती तसली? मशीन लावत्यात का?"

"नाही. बोलायचं असतं."

"निस्तं बोलायचं?"

"हो."

"मग तू मगाधरनं हितं काय करत हुतीस?"

"तालीम."

यावर आत्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, अंग हलवून हसल्या. मलाही हसू आवरेना. रडत होते तशीच हसले. कितीतरी दिवसांत मी त्या घरात तसं हसले नव्हते.

"बरं, कर तुजी तालीम," त्या म्हणाल्या. "म्या बसते."

आणि खरंच मी अंधारात ओट्याला टेकून उभी राहिले आणि पहिल्यापासून म्हणायला लागले. माझ्या वडिलांचं दोन वर्षांपूर्वी निधन झालं. आत्यांनी तिथंच अडवलं.

"त्यांना कशाला घालतीस मदी? सत्तरीच्या वर गेल्ते, नातवंडं खेळवली, जेवून झोपलं ते उठलं न्हाईत. असलं मरन कुनाला मिळतं? तू रडली हुतीस, पर म्हैन्याभरात हिंडाय-फिराय लागलीस की."

"पण मग कारण काय सांगू?"

"मला काय ठावं? ती इचारंल तवा म्हनावं, ठावं न्हाय. ज्ये व्हतंय त्ये सांग की."

इतके दिवस मी घासूनपुसून ठेवलेलं वाक्य त्यांनी असं काढून टाकलं, आणि मला फार हलकं वाटलं. कारण शोधायचं काम माझं नव्हतंच. डॉक्टरकडं पोट दुखतंय म्हणून गेलं तर का दुखतंय हे आपण घरून ठरवून जातो का?

हे दुकानातनं आले तेव्हा आम्ही दोघी मेणबत्तीच्या उजेडात करपलेली भाकरी आणि ठेचा खात बसलो होतो. आत्यांनी त्यांना जेवायला सुद्धा बसू दिलं नाही. "माज्यापसनं लपवून ठेवलंस व्हय रं?" म्हणून जे सुरू केलं ते ताट वाढेपर्यंत चालू होतं. हे माझ्याकडं बघत होते, मी खाली बघत होते. आईचा मंगळवेढ्याचा बेत कळला तसा यांनी फोन काढला आणि धाकट्या भावाला लावून आईच्या हातात दिला. आत्या फोनवर ओरडूनच बोलतात. "आरं, ऱ्हायाला न्हाय येत म्या," त्या म्हणाल्या. "हुरड्याला येते, चार दिस ऱ्हाते, आन् माघारी येते." पलीकडचा दीर काय म्हणाला कळलं नाही. बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

शनिवारी कपाटासमोर उभी राहिले. ऑफिसला घालते तो ड्रेस घालावा की साडी नेसावी? चांगली साडी नेसली तर हिला कसलं दुःख असं वाटेल, साधी नेसली तर बाई फारच खचलीय असं. हे मी मोठ्यानं म्हटलं असणार, कारण आत्या बाहेरून म्हणाल्या, "सुती नेस. रडू आलं तर पदर तरी उपेगाला यील." मी सुती नेसले.

हे सोडायला येणार होते, पण आत्यांनी आधीच लुगडं बदलून, डोक्याला तेल लावून, पिशवीत पाण्याची बाटली टाकून ठेवली होती. "तू दुकानाला जा. बायकांचं काम हाय," त्यांनी मुलाला सांगितलं. त्यांचा गुडघा, वरचा मजला, जिना, असं मी सांगून बघितलं. त्या चपला घालून दारात जाऊन उभ्या राहिल्या.

थेरपिस्टचा दवाखाना सात रस्त्याच्या जवळच, चष्म्याच्या एका दुकानाच्या वर. पत्ता मिळाला त्याच दिवशी मला हे कळलं होतं आणि त्याची धास्ती होतीच. रिक्षा मोठ्या रस्त्याला लागली तशी माझी बोटं गार पडायला लागली. रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, सिग्नलवरनं नको. मागच्या रस्त्यानं घ्या ना."

"लांब पडतंय की ताई."

"पडू दे लांब," आत्या म्हणाल्या. "आमाला काय घाई न्हाय."

तर आम्ही लांबून गेलो. गल्लीबोळांतून, एका शाळेच्या मागून, एका पिठाच्या गिरणीवरून. आत्यांनी वाटेत माझा हात वगैरे धरला नाही. त्या बाहेर बघत होत्या आणि कुठलं घर नवीन झालंय, कुणी रंग कसा दिलाय, ते सांगत होत्या. छाती धडधडत होती, पण वाढत नव्हती.

जिना अरुंद आणि चढा होता. एक पायरी चढायची, थांबायचं, गुडघा दाबायचा, मग दुसरी. मी त्यांना कमरेशी धरून वर नेत होते. "सावकाश आत्या, कठडा धरा." वर पोचल्यावर त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मग माझ्या ध्यानात आलं की जिना चढताना मी माझ्या छातीकडं लक्षच दिलं नव्हतं.

आत बोलावलं. बाई माझ्यापेक्षा लहान होत्या, तिशीच्या असतील. साधा कुर्ता, पायांत घरातल्यासारख्या स्लिपर. टेबलाच्या पलीकडं बसतील असं मला वाटलं होतं, त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. स्वतःची ओळख करून दिली, इथलं बोलणं इथंच राहतं असं सांगितलं आणि विचारलं, "मग, कशा आलात?"

माझी सगळी वाक्यं त्या क्षणी पुसली गेली. मी म्हणाले, "रिक्षानं."

त्या हसल्या नाहीत. "बरं. त्रास झाला का येताना?"

"आम्ही लांबून आलो. मागच्या रस्त्यानं. सिग्नल टाळून."

"सिग्नलला काय होतं?"

आणि झालं सुरू. अस्वस्थता, जाणवते, अधूनमधून, यातला एकही शब्द आला नाही. सिग्नलला काय होतं ते सांगताना मी छातीवर हात ठेवला आणि तोंडातून आलं, "एदी ढवढव अंतैती."

"म्हणजे?"

"अय्यो, कानडी बोलले. छाती धडधडते म्हणजे. माझ्या आईचा शब्द."

"मला कानडी येत नाही," त्या म्हणाल्या, "पण ढवढव समजलं. तुम्हाला ज्या भाषेत येईल त्या भाषेत बोला. अडलं तर मी विचारीन."

मी किती वेळ बोलले कुणास ठाऊक. रडले थोडं, पदर उपयोगाला आला. मध्ये एकदा मी त्यांना विचारलं, "पण मॅडम, मला याचं कारण माहीत नाही. काही कारण नसताना असं होतं का?" त्यांनी सांगितलं, होतं. कारण कधी सापडतं, कधी उशिरा सापडतं, कधी त्याची गरजही पडत नाही. शरीर उगाच धोक्याची घंटा वाजवतं, आणि घंटा वाजली म्हणून आग लागलेलीच असते असं नाही. मला हे हळूहळू शिकता येईल, असं त्या म्हणाल्या. घाई करायची नाही. लांबून आलात ते चुकलं नाही, आलात हे महत्त्वाचं. मग त्यांनी माझ्याबरोबर बसून सावकाश श्वास सोडायला शिकवलं. घ्यायचा साधा, सोडायचा लांब. तेवढ्यानं खांदे खाली आले. ते वर होते हे मला तोवर माहीतच नव्हतं.

बाहेर आले तर आत्या शेजारच्या खुर्चीवरच्या एका बाईंशी गप्पा मारत होत्या. त्या बाईंचा मुलगा आत जाणार होता. आत्यांनी त्यांना आमचं घर, गाव, माझी नोकरी, आपला गुडघा, सगळं सांगून टाकलं होतं. मला बघून उठल्या.

"काय म्हनली? गोळी दिली?"

"गोळ्या देत नाहीत त्या. पुढच्या शनिवारी परत या म्हणाल्या."

"म्हंजी अजून बोलायचं ऱ्हायलंय?"

"पुष्कळ."

"बरं," आत्या म्हणाल्या आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागल्या.

त्यानंतर बरेच शनिवार मी गेले. पुढं पुढं एकटीच जायला लागले. झटके लगेच थांबले नाहीत. एकदा ऑफिसात आला, एकदा बँकेच्या रांगेत. पण आता तो येतो, राहतो, आणि जातो, हे मला ठाऊक आहे. तो गेला की मी परत कामाला लागते. स्कूटरवरचं कव्हर उन्हाळ्यात निघालं, आधी गल्लीपुरतं, मग हळूहळू पुढं. वडिलांबद्दलही त्या खोलीत बोलणं झालं, पण फार नंतर आणि वेगळंच काहीतरी, ते इथं सांगत नाही.

त्या पहिल्या दिवशी मात्र आम्ही घरी आलो, आमटी-भात जेवलो. आत्या म्हणाल्या, भांडी राहू दे. मी खरंच राहू दिली. पंखा लावून सुती साडीतच आडवी झाले, पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं, स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास येत होता आणि बाहेरच्या खोलीत आत्यांची मालिका चालली होती. आवाज अगदी बारीक ठेवला होता. मी तशीच पडून राहिले.